डिंकाचं लाकूड झालं तेव्हा

धानोऱ्याच्या पलीकडे एका गावातल्या बाईला फॉर्म भरायला शिकवण्यासाठी कंपनीने मला चंद्रपूरहून पाठवलं, आणि त्या बाईने माझ्यासमोर तो फॉर्म बिनचूक भरून दाखवला. त्या दिवशी आलेला राग अजून पुरता उतरलेला नाही. उतरावा असं मला वाटतही नाही.

मी कोरपन्याची. घरी कापूस. शाळा तिथेच झाली, इंजिनिअरिंग चंद्रपुरात झालं आणि नोकरीही चंद्रपुरातच लागली. कंपनी पुण्याची, आमची शाखा बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तीन टेबलं, तीन माणसं, आणि भिंतीवरच्या पडद्यावर दिसणारे पुण्याचे टीम लीड. ते कधी चंद्रपूरला आले नाहीत, पण आमच्याकडच्या लोकांना काय जमतं आणि काय जमत नाही याबद्दल त्यांची मतं पक्की होती.

ग्रामसभांच्या एका संघासाठी आम्ही वाहतूक परवान्याचा प्रोग्राम सांभाळत होतो. गावातून तेंदूपत्ता, मोहफूल, बांबू असा जंगलातला माल बाहेर न्यायचा तर ग्रामसभेचा परवाना सोबत लागतो. पूर्वी तो वहीतून फाडून देत. आता मोबाइलवर फॉर्म भरायचा, संघाच्या धानोऱ्याच्या ऑफिसातून छापील परवाना घ्यायचा आणि वनखात्याच्या नाक्यावर दाखवायचा. सुरुवातीला प्रोग्राममध्ये हे तीन आणि लाकूड, एवढेच माल होते. पुढे संघाने सांगितलं तसे हिरडा, मध, डिंक वाढवत गेलो.

डिंक वाढवल्याच्या पहिल्याच हंगामात तक्रार आली. एका महिला गटाचा डिंक नाक्यावर अडवून ठेवला होता, कारण परवान्यावर मालाचं नाव होतं ‘लाकूड’. लीडनी तक्रार वाचली, हसले आणि म्हणाले, “युजरने चुकीचा पर्याय निवडलाय. तिकडे हे होणारच. तू जाऊन ट्रेनिंग देऊन ये ना. तुला त्यांची भाषा कळते.”

मला ते तेव्हा खटकलं नाही. मलाही तसंच वाटलं होतं, हे लिहिताना आज लाज वाटते.

सकाळची बस धरून गडचिरोलीमार्गे धानोरा, आणि तिथून संघाच्या सचिवांच्या मोटरसायकलवर मागे बसून गाव. ग्रामसभेच्या खोलीत गटाच्या सात-आठ जणी बसल्या होत्या. बोलत होती ती गटाची अध्यक्ष. वय पन्नाशीच्या पुढे, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, नाकात दोन्ही बाजूंना फुली. बाकीच्या जणी आपसात गोंडीत बोलत, ही माझ्याशी मराठीत.

“जोहार,” मी म्हटलं.

“जोहार. तूच का शिकवाले आली?”

“हो बाई.”

“बस मंग. मी भरून दाखवतो, तू चूक सांग.”

तिने फोन काढला. काचेला आडवी चीर गेलेली होती, पण बोट सराईतपणे फिरत होतं. गावाचं नाव, ग्रामसभेचा ठराव, अर्जदार. अर्जदारात तिने ‘महिला गट’ निवडलं. मालात ‘डिंक’ निवडलं. कुठल्या झाडाचा, तर ‘धावडा’. मग किती पोती, कुठून कुठे. चूक सांगायला मला एकही जागा सापडली नाही. सचिवांनी आपल्या लॅपटॉपवर परवाना उघडला. मालाचं नाव: लाकूड.

सगळ्या जणी माझ्याकडे पाहत होत्या.

“आता सांग,” ती म्हणाली, “काऊन लाकूड झालं?”

मी सचिवांचा लॅपटॉप जवळ ओढून परवाना पुन्हा उघडला, तरी लाकूडच. त्या दिवशी नाक्यावर काय झालं ते तिनेच सांगितलं. छोट्या गाडीत डिंकाची पोती घालून तिघी निघाल्या होत्या. नाक्यावरच्या माणसाने परवाना पाहिला, पोतं उघडलं आणि विचारलं, लाकूड कुठाय? या म्हणाल्या, लाकूड नाही, डिंक आहे. तो म्हणाला, मग हा परवाना या मालाचा नाही. लाकूड आधीच कुठे उतरवलं का, असंही त्याने विचारलं. तीनदा विचारलं.

“चोर समजून राह्यला होता आमाले,” ती म्हणाली. “आमी आयुष्यात कोनाचं झाड नाई तोडलं. धावड्याले खाच देतानाबी झाड मरनार नाई एवढीच देतो. अन् तो म्हनते लाकूड कुठी लपवलं. दिवस गेला तिथी. पानीबी नाई विचारलं कोनी.”

पोती नाक्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून घेतली होती. दमट हवेत डिंक एकमेकांना चिकटून पोत्यागणिक एकेक गोळा झाला असेल, असं तिचं म्हणणं होतं.

शेवटी तिने आणखी एक गोष्ट सांगितली. “अन् हे अॅप आमाले दर खेपेले वेपारी परवान्याचा नंबर मागते. आमी कुठले वेपारी?”

यावर मी एक मूर्खपणा केला. मी म्हणाले, “बाई, तुम्ही अर्जदारात ‘महिला गट’ निवडायला हवं. कधी चुकून ‘व्यापारी’ निवडलं जात असेल.”

“गटच निवडला होता,” ती म्हणाली. “आताबी तुझ्यासमोरच निवडला.”

मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, याआधी कधीतरी चुकलं असेल.

तिथूनच लीडना फोन केला आणि सांगितलं की फॉर्म बरोबर भरलाय, प्रोग्राम चुकतोय. ते म्हणाले, “बरं, मग सचिवांना सांग की लाकूड खोडून पेनाने डिंक लिहा आणि सही करा. तू ट्रेनिंग झाल्याचा रिपोर्ट तेवढा टाक.” पेनाने खाडाखोड केलेला परवाना नाक्यावर दाखवला तर काय होईल, हे त्या खोलीतल्या कुठल्याही बाईला ठाऊक होतं. पुण्यातल्या माणसाला नव्हतं. मी रिपोर्ट टाकला नाही.

परत आल्यावर कोड उघडून बसले.

प्रोग्राम ज्या पद्धतीने लिहिला होता तिच्यात प्रत्येक मालाचा स्वतःचा एक क्लास असतो, म्हणजे साचा. तेंदूपत्त्याचा वेगळा, बांबूचा वेगळा. आपलं नाव काय, परवाना किती दिवस चालतो, हे त्या त्या साच्यातच लिहिलेलं असावं. परवाना छापणाऱ्या भागाने मालाला फक्त म्हणायचं, तुझं नाव दे. मग नवा माल आला की त्याचा साचा लिहिला, काम झालं. पण आमच्याकडे छापणारा भाग प्रत्येक मालाची उलटतपासणी करत होता. तू तेंदूपत्ता आहेस का? नाही. मोहफूल आहेस का? नाही. बांबू? नाही. मग तू लाकूड. अशा विचारण्याला टाइप चेक म्हणतात, आणि एकाखाली एक लावलेल्या या प्रश्नांना मी शिडी म्हणते. हिरडा आणि मध वाढवताना कोणीतरी तिथे आठवणीने त्यांची नावं घातली होती. डिंकाच्या वेळी कोणाला आठवलं नाही, आणि डिंक शिडीच्या तळाशी जाऊन पडला. तिथे लाकूड लिहिलं होतं.

लीडना दाखवलं. ते म्हणाले, “मग एक इफ टाक डिंकाचा. पाच मिनिटांचं काम.” इफ म्हणजे शिडीत आणखी एक प्रश्न.

“पण अशा शिड्या आणखी कुठे कुठे आहेत?”

“सर्च मार ना.”

सर्च मारून काही सापडल्या. पण टाइप चेक एकाच रूपात येत नाही, हा सगळा घोळ तिथेच आहे. कोणी प्रोग्रामिंगच्या भाषेत त्यासाठी असलेला शब्द सरळ वापरून विचारतो. कोणी साच्याचं नाव अक्षरांत काढून ‘बांबू’शी ताडून पाहतो. कोणी प्रत्येक मालाला आकडा देतो आणि तो तीन आहे का पाहतो. एकाने तर कमाल केली होती: समोरचा माल बांबूच आहे असं धरून चालायचं, आणि प्रोग्राम अडखळला तर तो बांबू नाही असं समजायचं. हे शब्द शोधून सापडत नाही. त्यासाठी कोड वाचावा लागतो, आणि हजारो ओळी माणसाने वाचायच्या तर नजर चुकतेच. तशी ती चुकलीच होती, आणि त्याचा भुर्दंड नाक्यावर तीन बायकांनी भरला होता.

म्हणून मी कोड वाचणारं साधन, म्हणजे आणखी एक प्रोग्राम, लिहायला घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. रोज ऑफिस उघडायच्या दीड तास आधी येत असे. खाली बियाण्यांच्या दुकानाचं शटर वर जाण्याआधी माझं एक पान लिहून झालेलं असे. साधन आधी सगळा कोड वाचून त्याची रचना झाडासारखी मांडत असे: कोण कोणाच्या पोटात, कुठला प्रश्न कुठल्या प्रश्नाखाली. मग टाइप चेकची चारही रूपं शोधायचं. मग मालाचे सगळे साचे गोळा करून प्रत्येक शिडीशी ताडून पाहायचं, आणि सांगायचं की या शिडीत अमुक अमुक मालाची विचारणाच नाही, ते सगळे तळाशी पडतात.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा त्याने इतकं काही दाखवलं की मीच घाबरले. त्यातलं बरंचसं निरुपद्रवी होतं. दोन परवाने एकच आहेत का हे पाहताना प्रकार विचारणं योग्यच असतं. बाहेरून आलेली फाइल वाचताना तो विचारावाच लागतो. लीडनी ती यादी पाहिली आणि म्हणाले, “हे तर सगळ्यालाच चूक म्हणतंय. छान हॉबी प्रोजेक्ट आहे.” हॉबी. आणखी दोन आठवडे घालवून निरुपद्रवी जागा वेगळ्या ओळखायला साधनाला शिकवलं.

मग जी यादी उरली ती मी ओळ ओळ वाचली. डिंक फक्त छपाईत लाकूड होत नव्हता. मुदत ठरवणाऱ्या भागातही तो लाकूडच होता. नाक्यावरच्या माणसाच्या फोनमध्ये तपासणी करणारा जो भाग होता तिथेही. म्हणजे पेनाने खोडून डिंक लिहिलं असतं, तरी त्या माणसाने फोनवर परवाना तपासल्यावर पडद्यावर लाकूडच आलं असतं. त्या तिघींना आम्ही खोट्या कागदानिशी नाक्यावर उभं केलं असतं.

आणि यादीत अर्जदारांचीही एक शिडी होती. तू ग्रामसभा आहेस का? नाही. तू एकटा माणूस आहेस का? नाही. मग तू व्यापारी. महिला गट नंतर वाढवला होता. त्याची विचारणा तिथे नव्हती.

कुठली ओळ कोणी लिहिली हे आमच्याकडे नोंदलेलं असतं. ती शिडी मी लिहिली होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी, घाईत, महिला गट ही गोष्ट डोक्यातही नसताना. आणि महिला गट वाढवला गेला तेव्हा त्या शिडीकडे मी वळूनही पाहिलं नव्हतं. त्या गोंदणवाल्या बाईला मी तिच्याच ग्रामसभेच्या खोलीत सांगून आले होते की तुम्ही चुकून व्यापारी निवडलं असेल. निवडलं मी होतं, तिच्या वतीने, तिला न विचारता.

त्या दिवशी सगळ्यांचा राग आला. लीडचा, नाक्यावरच्या माणसाचा, आणि सगळ्यात जास्त माझा. चूक होते, मान्य. पण चूक झाल्यावर आमच्यापैकी एकालाही आधी कोडकडे पाहावंसं का वाटलं नाही? प्रत्येकाने आधी बाईकडेच का पाहिलं? जंगलातली बाई, काचेला चीर गेलेला फोन, म्हणजे तीच चुकली असणार. मी तर तिच्याच बाजूची, कोरपन्याची, मले-तुले बोलत वाढलेली. मीही तेच केलं.

लीडना मी दोन गोष्टी मागितल्या. सगळ्या शिड्या काढून टाकायची परवानगी, आणि चूक आमची होती असं संघाला लेखी पत्र. ते म्हणाले, “इफ टाकून दे सगळीकडे. आणि लेखी वगैरे काही द्यायचं नाही. आपण असं कधीच देत नाही.”

“मग त्या बायकांचा माल सुटणार कसा?”

“पुढच्या आठवड्यात संघाची मीटिंग आहे ना, तिथे बघू. मी ट्रेनिंगची एक योजना मांडतोय.”

मीटिंग धानोऱ्याला संघाच्या ऑफिसात होती. लीड भिंतीवरच्या पडद्यावर, गावोगावचे लोक सतरंजीवर, मी लॅपटॉप जोडायला. ती बाईही आली होती, पुढेच बसली होती. लीडनी योजना मांडली. दुर्गम भागातल्या वापरकर्त्यांना फॉर्म भरताना अडचणी येतात, चुकीचे पर्याय निवडले जातात, म्हणून गावोगाव प्रशिक्षण. डिंकाचं उदाहरणही त्यांनी दिलं.

तिचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला आणि पडद्याकडे पाहत राहिली. मला ते सहन झालं नाही. लॅपटॉप माझ्याच हातात होता. मी त्यांच्या योजनेच्या स्लाइड बाजूला केल्या आणि साधन चालवलं. भिंतीवर शिडी आली, प्रश्नाखाली प्रश्न, आणि शेवटी लाल अक्षरांत: विचारणा नाही, डिंक, जातो कुठे, लाकूड.

“हे इथे मांडायचं ठरलं नव्हतं,” पडद्यावरून आवाज आला.

“नव्हतं, सर. पण तुम्ही जे मांडलं ते खरं नाही.”

मी लोकांना शिडी समजावून सांगितली, पायरी पायरीने. कोणाला वेळ लागला नाही. सचिव म्हणाले, “मॅडम, एका शब्दात सांगा. बाईची चूक होती का नाई?”

“नव्हती. आमची होती. आणि गटाला व्यापारी करणारा भाग माझ्या हातचा आहे.”

लीड घाईने म्हणाले, “आपण असं नोंदवू या की काही तांत्रिक अडचणीमुळे गैरसमज झाला.”

तेव्हा ती उठून उभी राहिली. आवाज चढवला नाही.

“अडचन आमाले झाली,” ती म्हणाली. “तुमच्या हातानं चूक झाली. तसंच लिवा. अन् आमी लाकूड चोरलं नाई, हेबी लिवा.”

सचिवांनी नोंदवहीत तसंच लिहिलं, तिच्याच शब्दांत, आणि मोठ्याने वाचून दाखवलं. कंपनीतर्फे मी खाली सही केली. मला तो अधिकार होता का, मला माहीत नाही. पुण्याहून नंतर बरंच ऐकावं लागलं. नोकरी गेली नाही, पण ती माझ्या धाडसामुळे राहिली असं नाही. संघानेच कळवलं की पुढचं काम ही मुलगी करणार असेल तरच.

बाहेर आल्यावर ती माझ्याजवळ थांबली.

“त्या दिवशी तू मले गट निवडाले सांगत होती.”

“हो बाई.”

“मी निवडला होता.”

“हो बाई. तुम्ही बरोबर होता.”

ती गाडीकडे निघून गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. का म्हणावं तिने?

नोंदवहीतल्या त्या पानाची प्रत नाक्यावर दिली तेव्हा पोती सुटली. डिंकाचे खरोखरच गोळे झाले होते. बायकांनी ते उन्हात वाळवून, दगडाने फोडून, मळलेला भाग काढून टाकला. चांगल्या डिंकाच्या जागी चुरा उरला. नाक्यावरच्या माणसाने एक शब्द काढला नाही, आणि त्याला बोलायला लावेल असं कोणी त्याच्या वर बसलेलं नव्हतं.

शिड्या मी एकेक करून काढल्या. मालाचं नाव, मुदत, तपासणी, सगळं त्या त्या मालाच्या साच्यात नेलं. पावसाळा संपेपर्यंत ते काम चाललं. काही शिड्या काढता येण्यासारख्या नव्हत्या, तिथे तळाशी लाकूड किंवा व्यापारी लिहायचं बंद केलं; आता ओळखीचा नसलेला माल आला की प्रोग्राम थांबतो आणि दोष आमच्याकडे पाठवतो. साधन आता रोज चालतं. नवा साचा आला आणि कुठल्याही शिडीत त्याची विचारणा घालायची राहून गेली, तर ते बदल पुढे जाऊच देत नाही.

मध्यंतरी लीडनी कंपनीच्या एका कार्यक्रमात या साधनावर भाषण दिलं. ‘आमच्या टीमने’ असं ते म्हणत होते. भाषणात डिंक नव्हता, नाका नव्हता, शेडमध्ये चिकटून बसलेली पोती नव्हती. उदाहरण त्यांनी पाठ्यपुस्तकातलं, चौकोन आणि वर्तुळाचं दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चंद्रपूरच्या पडद्यावरून पाहत होते. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी हात वर केला, पण वेळ संपली असं सांगितलं गेलं.

यंदा उन्हाळ्यात त्या बाईचा फोन आला. मोहाच्या झाडाखाली टोरी, म्हणजे मोहाच्या बिया, वेचायला नुकतीच सुरुवात झाली होती, मागे बायकांचे आवाज ऐकू येत होते.

“यंदा टोरी न्याची हाये बाहेर,” ती म्हणाली. “अॅपमध्ये टाकाले लागन. कुठी कुठी अडन ते आधी पाहून मले सांग. मंगच आमी पोती भरतो.”

मी बदल केला, साधन चालवलं. दोन जागा सुटल्या होत्या, तिथे टोरीची विचारणाच नव्हती. त्या भरल्या आणि दुपारी तिला फोन करून दोन्ही जागा सांगितल्या. तिने दोन्ही मला पुन्हा एकदा सांगायला लावल्या.